टर्बोची जुनी मोटार आणि घाटाची चढण

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें निघून कापूरहोळाशीं उजवीकडे वळलें म्हणजे भोर लागतें. तेथून पुढें नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कांठानें रस्ता पश्चिमेकडे जातो आणि कावळ्या किल्ल्याच्या कुशींतून वरंध घाटानें महाडकडे, म्हणजे कोंकणांत, उतरतो. माथ्याजवळ वाघजाईचें देऊळ आहे. चहा-भज्यांचीं लहानशीं दुकानें आहेत. महाडच्या बाजूनें घाट चढून आलेला मोटारवाला येथें थांबला नाहीं असें सहसा होत नाहीं. तो किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, दार उघडतो आणि दरीकडे पाहत उभा राहतो. साध्या मोटारीच्या बाबतींत यांत वावगें कांहींच नाहीं. मोटार जर वीस वर्षांपूर्वींची टर्बोची असेल, तर मात्र चहाचा पेला हातीं येण्यापूर्वींच तिच्या पोटांत एक लहानसा अनर्थ घडूं लागलेला असतो. त्याचा आवाज होत नाहीं, धूर दिसत नाहीं, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षें घडत राहतो.

तो अनर्थ समजण्यासाठीं टर्बो म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. इंजिन जाळतें पेट्रोल. पण त्याची खरी भूक हवेची असते. एक भाग पेट्रोल नीट जळावयास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल हवें तितकें सोडतां येतें. हवा मात्र दट्ट्या खालीं सरकल्यावर आपोआप जेवढी आंत शिरेल तेवढीच. उंचावर ती विरळ होते. पुणें समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे, आणि तेवढ्यानेंच हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनीं उतरलेला असतो. महाडहून घाटमाथ्यावर येणारें साधें इंजिन त्या मानानें धापा टाकीत असतें. टर्बो ही उणीव भरून काढतो, आणि तीहि फुकट मिळणाऱ्या शक्तीवर. इंजिनांतून बाहेर फेकला जाणारा तप्त धूर एका पंखेदार चक्रावर सोडतात. तें चक्र फिरूं लागतें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास दुसरें चक्र असतें, आणि तें बाहेरची हवा ओढून, दाबून, इंजिनांत कोंबतें. सायलेन्सरवाटे वायां जाणाऱ्या धुराकडून भात्याचें काम करून घ्यावयाचें, एवढीच ही युक्ति.

युक्ति स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. कागदावर गोष्ट सोपी होती. पण धगधगत्या धुरांत टिकेल असें चक्र घडवावयास आणि व्यवहारांत उतरवावयास वीस वर्षें गेलीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना ही योजना लावण्यांत आली, तेव्हां १,७५० अश्वशक्तीचें इंजिन २,५०० अश्वशक्ति देऊं लागलें. दरम्यान अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानासाठीं तोच मार्ग धरला होता. १९१८ सालीं त्यानें लिबर्टी नांवाचें विमानाचें इंजिन मालमोटारीवर चढवून कोलोराडोंतील पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेलें. खालीं साडेतीनशें अश्वशक्ति देणारें तें इंजिन वर २३० वर आलें, आणि टर्बो जोडतांच पुन्हां ३५६ वर गेलें. वेल्ह्याच्या डोक्यावरील तोरणा किल्ला १,४०३ मीटर उंच आहे. असे तीन तोरणे एकावर एक रचावे तेव्हां कोठें तें शिखर गांठतां येईल. हें यंत्र मुळांत घडलें तें अशा चढणीसाठीं.

या प्रारंभींच्या कथांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. जहाजावर टर्बोच्या शेजारीं पगारी इंजिनियर उभा असे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन बाँबर विमानें टर्बोच्या बळावर विरळ हवेंत उडत, तीं उतरलीं कीं मेकॅनिकांच्या स्वाधीन होत. यंत्राला जन्मापासून सेवक होते. १९६२ सालीं तें घरगुती मोटारींत आलें तेव्हां यंत्र तेवढें आलें आणि सेवक मागें राहिले. पुढचा बहुतेक घोटाळा त्यांतून झाला.

त्या वर्षीं अमेरिकेंत दोन मोटारी टर्बोसह विक्रीस आल्या: शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. यांपैकी जेटफायरची हकीगत मोठी बोधप्रद आहे. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनांत आधींच जोराचा दाब होता. त्यांत टर्बोनें कोंबलेली हवा. अशा वेळीं पेट्रोल ठिणगीची वाट न पाहतां स्वतःच भडकतें आणि इंजिन ठोके देऊं लागतें. त्यावर उपाय म्हणून कारखान्यानें एक वेगळी टांकी बसविली आणि तींत ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल हीं निम्मीं-निम्मीं मिसळून भरावीं असें सांगितलें. ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असें भारदस्त नांवहि दिलें. टांकी रिकामी झाली तर इंजिनास अपाय होऊं नये म्हणून टर्बोचा जोर आपोआप तोडणारी झडप ठेवली. योजना चांगली होती. चुकला तो माणसाविषयींचा अंदाज. पेट्रोल भरावयाचें ठाऊक असलेल्या गृहस्थास दुसरी टांकी भरण्याची संवय लागेना. ती कोरडी पडे, मोटार मंदावे, आणि मग तक्रार येई कीं टर्बोंत कांहीं अर्थ नाहीं. दोन वर्षांत ९,६०७ मोटारी निघाल्या आणि जेटफायर बंद झाली. पुढें १९६५ सालीं टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोयहि झाली, आणि पुष्कळांनीं तिचा लाभ घेतला!

त्याच १९६२ सालीं पुण्यांत किर्लोस्कर-कमिन्स ही डिझेल इंजिनें करणारी कंपनी स्थापन झाली. मोठ्या डिझेल इंजिनांच्या जगांत टर्बो सुखानें नांदला. डिझेल इंजिनाच्या धुराची आंच पेट्रोलपेक्षां कमी, हें एक कारण. दुसरें असें कीं, काम थांबविल्यावर तीन ते पांच मिनिटें इंजिन रिकामें चालूं द्यावें, मग बंद करावें, ही सूचना माहितीपुस्तकांत छापलेली असे आणि ती पाळण्यासाठीं माणूस नेमलेला असे.

हीं तीन ते पांच मिनिटें कशासाठीं, तें आतां सांगतां येईल. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या गतीनें फिरणारी वस्तु नुसत्या धातूवर टेकून राहूं शकत नाहीं. ती तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असते. तें तेल इंजिनाचा पंप पुरवितो, आणि तेंच तेथली उष्णता वाहून नेतें. पेट्रोल इंजिनाच्या धुराचें तपमान जोराच्या चढणीवर नऊशें अंश सेल्सिअसच्या घरांत जातें, त्यामुळें त्या बाजूचें लोखंडी घर अक्षरशः लाल होतें. अशा स्थितींत किल्ली फिरविली कीं पंप थांबतो. तेल आहे तेथेंच उभें राहतें, लाल घराची आंच दांड्यावरून आंत सरकते, आणि तेल करपून त्याचा कोळसा होतो. एका खेपेस तो केसाइतकाहि नसतो. पण दर खेपेस त्यावर नवा थर बसतो, तेलाची वाट अरुंद होते, आणि एके दिवशीं दांडा कोरडा फिरून झिजतो. मग निळसर धूर, शिट्टीसारखा स्वर, आणि मोठ्या रकमेचें बिल. वाघजाईच्या देवळापाशीं घडतें तें हें. भोरकडून सावकाश येणाऱ्या मोटारीच्या टर्बोस मात्र फारशी आंच लागलेली नसते. तिच्या धन्यानें तेथेंच लगेच किल्ली फिरविली तरी विशेष बिघडत नाहीं. देऊळ एकच, पण कोणत्या बाजूनें आलों त्यावर नियम बदलतो, आणि हें तारतम्य जुन्या मोटारीला स्वतःला नसतें.

युरोपांतील कारखानदारांनीं टर्बो उचलला तो शर्यतीच्या मैदानावरून. १९७३ सालीं बी. एम. डब्ल्यू. नें २००२ टर्बो ही १७० अश्वशक्तीची मोटार प्रदर्शनांत मांडली. तिच्या पुढच्या भागावर नांव उलट्या अक्षरांत रंगविलेलें असे. पुढच्या मोटारवाल्यानें तें आपल्या आरशांत सरळ वाचावें आणि वाट द्यावी! हा उद्धटपणा काळालाहि रुचला नाहीं. त्याच वर्षीं तेलाचें जागतिक संकट उभें राहिलें, आणि अवघ्या १,६७२ मोटारींवर तिचा कारभार आटोपला. १९७४ सालीं पोर्शची २६० अश्वशक्तीची ९११ टर्बो आली. ती टिकली, पण तिचा दरारा वेगळ्याच कारणानें पसरला. धुराचा जोर जमून चक्र गतिमान होईपर्यंत कांहीं क्षण जातात. तोंवर पाय दाबलेला असूनहि मोटार ढिम्म राहते, आणि मग सारी शक्ति एकदम अंगावर येते. वळणाच्या मध्यावर ती आली आणि घाबरून पाय उचलला, तर मागें इंजिन असलेल्या त्या मोटारीची शेपूट बाहेर फेकली जाई. स्वीडनच्या साब कंपनीनें १९७८ च्या सुमारास निराळा विचार केला. त्यांनीं लहान टर्बो घेतला, म्हणजे तो लवकर जागा होई. आणि वेस्टगेट या झडपेनें जास्तीचा धूर बाजूनें काढून दिला, म्हणजे तो मर्यादेबाहेर जात नसे. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपण्याचें हें काम साबनें केलें, आणि आजच्या टर्बो मोटारी बहुतेक त्याच कुळांतल्या आहेत. पुढें टर्बोभोंवतीं पाणी खेळविण्याची सोय झाली, ठोका ऐकून ठिणगी मागें सारणारे विद्युत्-कान आले. सेवकाचीं कामें अशीं एकेक करून यंत्रांत शिरलीं. पण एका दिवसांत नव्हे, आणि जुन्या मोटारींत सर्व नव्हे.

महाराष्ट्रांत ही परंपरा आली ती चार दारांच्या मोटारींतून. दोन आसनांची खरी स्पोर्ट्स मोटार आपल्याकडे विरळाच. दिलीप छाब्रिया यांनीं २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडलेली ‘अवंती’, जी पुढें रेनोचें दोन लिटरचें टर्बो इंजिन घेऊन विक्रीस आली, ती त्या दृष्टीनें अपवाद. अधिक खोल रुजली ती २००४ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया व्ही. आर. एस.; १.८ लिटरचें टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ति. स्कोडाचा कारखाना तेव्हांच्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्रें येथें. पुणें जिल्ह्यांत रांजणगांवच्या कारखान्यांतून फियाटनें २०१० सालीं १.४ लिटरच्या टर्बो इंजिनाची लिनिया काढली, आणि २०१५ सालीं त्याच इंजिनाची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. या मोटारींनीं मध्यमवर्गांतल्या पुष्कळ तरुणांना वेगाची पहिली चव दिली. आज त्या कोठल्याच दुकानांत नव्या मिळत नाहींत. ज्या आहेत त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातांत आहेत, आणि खरा प्रश्न तेथेंच आहे. पहिल्या धन्यानें माहितीपुस्तक वाचलें असेल. तिसऱ्याच्या हातीं तें पुस्तकहि आलेलें नसतें.

अशी मोटार घेऊन जो भोर-वेल्ह्याच्या बाजूस निघेल त्याची परीक्षा पुष्कळ ठिकाणीं होते. खानापूरहून पाबे घाटानें वेल्ह्याकडे जातांना खिंडींतून तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात, आणि नेमकीं तेथेंच वळणें अरुंद आहेत. वळण संपतांना चक्र मंदावलेलें असतें. चालक पाय दाबतो, मोटार ऐकत नाहीं, तो आणखी दाबतो, आणि सारा जोर एकदम येतो. वर उल्लेखिलेल्या ऑक्टाव्हिया आणि पुंटो पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या. ओल्या डांबरावर त्यांचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात आणि तोंड वळणाबाहेर जातें. उपाय साधा आहे: वळणापूर्वींच एक गिअर खालीं यावें, इंजिन फिरतें ठेवावें, आणि पाय हळूहळू दाबावा. घाट उतरतांना टर्बोस काम नसतें, पण ब्रेकना असतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. दोन वर्षांत तें बदललें नाहीं तर लांब उतारावर तापून त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा दांडा स्पंजासारखा खालीं जातो. पश्चिमेच्या या डोंगरांत पाऊस धुवांधार. वरंधचा रस्ता दरडींमुळें वारंवार बंद ठेवावा लागतो. अशा हवेंत हें तेल आणखी लवकर बिघडतें. ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर मोटार त्यांत घालूं नये, हें सर्वांसच लागू. पण हवा ओढण्याची नळी जमिनीलगत असलेल्या मोटारीनें एक घोट पाणी प्यालें तरी आंतले दांडे वाकतात.

निगेच्या बाबतींत सर्वांत उपेक्षित वस्तु म्हणजे रबर. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून थंड करून इंजिनांत नेतात. ही सारी वाट रबरी नळ्यांची. वीस वर्षांच्या उष्णतेनें त्या कडक होतात, तडकतात, जोड सैल होतात. जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा पडदा बहुधा रबरीच, तोहि फाटतो. मोजून आंत घेतलेली हवा वाटेंतच निसटली कीं पेट्रोल प्रमाणाबाहेर होतें. मोटार काळा धूर सोडते, फुसफुसते, आणि चढणीवर बसकण मारते. येथें घाईनें ‘टर्बो गेला’ असा निकाल देणारे मेस्त्री पुष्कळ आहेत. पन्नास-साठ हजारांचा भाग बदलून झाल्यावर दोष एका तडकलेल्या नळींत निघाला, असे प्रकार ऐकिवांत नाहींत अशी गॅरेजें थोडीं. याच्या उलट, टर्बो खरोखर गेलेला असतां नुसता नवा बसवून, त्याला तेल नेणारी कोळशानें तुंबलेली बारीक नळी तशीच ठेवणें, हा तर शुद्ध आत्मघात. नवा टर्बो त्याच मरणानें मरतो. टायमिंग बेल्टहि रबराचाच. मोटार किती किलोमीटर चालली एवढ्यावर त्याचें आयुष्य ठरत नाहीं. उभ्या मोटारींतहि तो म्हातारा होतो.

तेलाविषयीं मतभेद नाहींत. कारखाना दहा-पंधरा हजार किलोमीटरांची मुदत देतो. जुन्या टर्बोच्या बाबतींत जाणते लोक ती निम्मी करतात आणि कृत्रिम जातीचें चांगलें तेलच वापरतात. सकाळीं पहिलीं कांहीं मिनिटें, तेल पातळ होऊन सर्वत्र पोंचेपर्यंत, जोर लावूं नये. चढणीनंतर दोन मिनिटें इंजिन मंद चालूं द्यावें, किंवा शेवटचा किलोमीटर सावकाश काढावा. कांहीं मोटारींत किल्ली काढल्यावर इंजिन आपोआप थोडा वेळ चालूं ठेवणारा टर्बो-टायमर बसवितात. सोय खरी, पण चालू मोटार सोडून चहास जाणें घाटांत शहाणपणाचें नाहीं.

राहिलें पेट्रोल. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण आहे. भोर संस्थान होतें त्या काळांत, १९२८ च्या सुमारास, तें पुरें झालें आणि तेव्हां त्याचें नांव लॉइड धरण. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या तालुक्यांत गेलें आणि तेथें ऊस उभा राहिला. आज देशांत उसापासून आणि धान्यापासून काढलेला मद्यार्क पेट्रोलांत मिसळतात. २०२५ सालीं त्याचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. टर्बोच्या दृष्टीनें ही गोष्ट दुधारी आहे. मद्यार्कामुळें पेट्रोल अकालीं भडकत नाहीं. जेटफायरच्या वेगळ्या टांकींतून जें काम मिथेनॉल करीत असे त्याचा कांहीं अंश आतां पंपावरच पदरीं पडतो. परंतु २०२३ पूर्वींच्या मोटारी बहुधा इतक्या मद्यार्कासाठीं घडविलेल्या नाहींत. जुन्या रबरी नळ्या व वाशर त्यानें फुगतात वा मऊ पडतात, आणि मोटार पावसाळाभर उभी राहिली तर टांकींत ओल धरते. महिनोन् महिने झांकून ठेवण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां ती नसरापूरपर्यंत नेऊन आणणें बरें. आणि इंधनाच्या नळ्या सोयीच्या वेळीं बदलून घ्याव्या, कारण पेट्रोल गळतें तेथून टर्बोचें तप्त घर दूर नसतें.

या मोटारींचें कायद्यांतील स्थानहि मोठें विचित्र आहे. पंधरा वर्षें झालीं कीं खाजगी मोटारीची तपासणी करून नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण कर द्यावा लागतो. २००४ सालच्या ऑक्टाव्हियास ही वेळ २०१९ मध्यें आली, २०१० च्या लिनियास २०२५ मध्यें. भाग नवे मिळत नाहींत म्हणून पुष्कळ धनी या टप्प्यावर मोटार भंगारांत काढतात, आणि त्या भंगारांतून मिळालेल्या झडपा, नळ्या आणि टर्बोंवर उरलेल्या मोटारी चालतात. विंटेज म्हणून ज्या मोटारींची वेगळी नोंद होते त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं नियम केले. पण त्यासाठीं पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटून गेलेलीं असावीं लागतात. शेंद्र्याच्या पहिल्या टर्बो मोटारींना त्या पंक्तींत बसावयास २०५४ साल उजाडावें लागेल.